दवाखान्याचं बिल वेगळं, भरपाई वेगळी

या महिन्याच्या टपालात कामावरच्या अपघाताची तीन पत्रं आली. पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे. कापसाचा हंगाम लागला की खान्देशात अशा घटना कानावर येतातच, आणि दर वेळी ‘दवाखान्याचं बिल भरलं ना’ हेच सांगून कामगाराला गप्प केलं जातं.

प्रश्न : वकीलताई, आम्ही शिरपूर तालुक्यातले. दिवाळीनंतर पोरं घेऊन धरणगावकडे जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला जातो. जानेवारी २०२५ मध्ये यांचा उजवा हात सरकीच्या स्क्रूमध्ये गेला. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट मुळापासून गेलं. चार महिने हात बांधलेला होता. जळगावच्या दवाखान्याचं ८५ हजारांचं बिल शेठनी भरलं. पुढची ड्रेसिंग, गोळ्या-औषधं, गाडीभाडं यात आमचे ३० हजार गेले. दवाखान्यातच शेठच्या माणसानं पाचशेच्या स्टॅम्पवर अंगठा घेतला. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डाव्या हाताचा घेतला. जिनिंगमध्ये लागलं, शेठनी सगळा खर्च केला, आता आमची काही मागणी नाही, असं त्यावर लिहिलं आहे. केसपेपरवर मात्र ‘घरी पडून लागले’ असं आहे, ते मुकादमानं सांगितलं होतं. आता मुकादम म्हणतो, तुम्ही ठेकेदाराची माणसं, शेठचा संबंध नाही, आणि आधी २५ हजारांची उचल फेडा. एक जण म्हणतो, मी भरपाई काढून देतो, निम्मे पैसे माझे. यांचं वय ३०, पगार महिन्याला १२ हजार. आम्हाला काही मिळेल का?

उत्तर : मिळेल, ताई. कोणाची मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून मिळेल.

आधी कायदा कुठला ते सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे. म्हणून तुम्हाला १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा लागतो. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड का नाही, असं कोणी विचारेल. जिनिंग-प्रेसिंग हा हंगामी कारखाना धरला जातो आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नाही. त्यामुळे जिनिंगमधल्या माणसासाठी भरपाईची सगळी जबाबदारी थेट मालकावर येते.

शेठनी ८५ हजार भरले ते चांगलं केलं. पण ते भरपाईचे पैसे नव्हेत. कामावर झालेल्या जखमेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा, हे कायद्यात वेगळं सांगितलेलं आहे. आणि उपचारासाठी दिलेली रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, हेही कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘एवढा खर्च केला, आता आणखी काय पाहिजे?’ हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात कितीदा ऐकलं असेल. ऐकणारा कामगार मान खाली घालतो, ते मला बघवत नाही. तुमच्या मिस्टरांनी मान खाली घालण्यासारखं काही केलेलं नाही. उलट तुमच्या खिशातून गेलेले औषधांचे आणि ड्रेसिंगचे पैसेही शेठकडूनच यायला हवेत. मेडिकलच्या दुकानाच्या पावत्या सापडतील तेवढ्या शोधा. शाई उडाली असेल तर त्याच दुकानातून पुन्हा काढून घ्या. गाडीभाड्याची मागणीही अर्जात घाला, पण भिस्त पावत्यांवर ठेवा.

आता भरपाईचा हिशेब. यासाठी पगार १५ हजारांपर्यंत धरतात, तुमचा १२ हजार म्हणजे पूर्ण धरला जाईल. त्याचे ६० टक्के झाले ७,२००. वयाप्रमाणे कायद्यात एक आकडा ठरवून दिलेला असतो, ३० वर्षांसाठी तो २०७.९८ आहे. दोन्हींचा गुणाकार १४,९७,४५६ रुपये. एवढी रक्कम कायमच्या पूर्ण अपंगत्वाची. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरलं आहे. म्हणजे तुमचे झाले साधारण २,९९,४९१ रुपये. त्यावर अपघातानंतर महिनाभरात पैसे दिले नाहीत म्हणून वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाचे जवळपास ३६ हजार. योग्य कारण नसताना टाळाटाळ केली असं कोर्टाला वाटलं, तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. हात बांधलेला होता त्या चार महिन्यांचं वेगळं मागा : दर पंधरवड्याला पगाराचा पाव हिस्सा, तुमच्या बाबतीत ३,०००.

हे २० टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. तुमचे मिस्टर मशिनवर काम करायचे की नुसती रुई उचलायचे, हे पत्रात नाही. पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेल्यावर पकड राहत नाही. पाटी धरता येत नाही, पाना फिरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात हेच पाहिलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे टक्के कमी येत होते, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून न्यायालयानं त्याचं नुकसान १०० टक्के धरलं. तुमचं १०० टक्के धरतील असं मी म्हणत नाही. पण उरलेली बोटं आखडली असतील, मूठ वळत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडून कमाईची क्षमता किती गेली याचा लेखी दाखला घ्या. अपंगत्वाच्या कार्डावरचा टक्का वेगळा असतो. तो शरीराचा टक्का, इथं पाहायचा तो कमाईचा. या दोन्हींची गल्लत करून कामगाराचे पैसे कमी केले जातात, म्हणून डॉक्टरांना हे आधीच सांगा.

आता त्या स्टॅम्पकडे येते. तुम्हाला त्याची भीती वाटते आहे, मला तो वाचून हायसं वाटलं. कलम १७ सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल असतो. समजुतीनं रक्कम ठरवायची असेल तरी ती नोंद भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, व्हावी लागते, दवाखान्याच्या खाटेवर नाही. म्हणजे ‘मागणी नाही’ या ओळीला काही किंमत नाही. पण त्याच कागदावर ‘जिनिंगमध्ये लागलं’ आणि ‘शेठनी खर्च केला’ हेही आहे ना? केसपेपरवरचं ‘घरी पडून’ हे वाक्य त्यानंच खोटं पडतं. माणूस घरी पडला असता तर शेठनी ८५ हजार कशाला भरले असते? बँडेज असलेल्या माणसाचा डावा अंगठा कशाला घेतला असता? त्या कागदाचा मोबाईलवर फोटो असेल तर जपून ठेवा. नसेल तर अर्ज दाखल झाल्यावर शेठनी मूळ कागद हजर करावा, अशी मागणी वकिलांना करायला सांगा.

केसपेपरचं आणखी एक. जळगावला नेण्याआधी तुम्ही जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबला होता का? तिथल्या रजिस्टरला बहुतेक वेळा खरं कारण लिहिलेलं असतं, कारण तेव्हा मुकादमाला गोष्ट रचायला वेळ मिळालेला नसतो. सरकारी रुग्णालयाकडून त्या नोंदीची नक्कल माहिती अधिकारात मागता येते. खासगी दवाखान्यानंही मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा, पगार फोनपेवर आला असेल तर ते मेसेज पुसू नका. हजेरी वहीत नाव नाही म्हणून माणूस तिथं नव्हता असं होत नाही.

ठेकेदाराचं कारण तर शेठसाठी मुळीच उपयोगाचं नाही. कलम १२ प्रमाणे आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकच भरपाईला जबाबदार असतो. पुढं त्याला ठेकेदाराकडून वसूल करायचं असेल तर करू दे, तो त्यांचा आपसातला व्यवहार. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. शेठनी कामगारांचा विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही करा.

उचलीबद्दल नीट ऐका, कारण याच धाकानं माणसं गप्प बसतात. कलम ९ प्रमाणे भरपाईच्या रकमेतून दुसरं कुठलंही देणं वळतं करता येत नाही. उचल असो, किराण्याची उधारी असो, सावकाराचं कर्ज असो, भरपाईला हात लागत नाही. उचल फिटेपर्यंत कामावर यावंच लागेल, अशी सक्ती कोणी केली तर तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. मुकादमाला हे शांतपणे सांगा, दोन माणसांसमोर सांगा.

आणि निम्मे पैसे मागणाऱ्या त्या गृहस्थाला आजच नाही म्हणा. हीच भरपाई दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, हेही कलम ९ मध्येच आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

यासाठी जळगावला खेटे घालायची गरज नाही. अपघात जिथं झाला तिथं किंवा तुम्ही जिथं राहता तिथं, दोन्हीकडे अर्ज चालतो. तुम्ही शिरपूरचे, तर धुळ्याच्या कामगार न्यायालयात जा. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जानेवारी २०२७. पण तोवर थांबू नका. साक्षीदार पुढच्या हंगामात गुजरातेत गेले की सापडत नाहीत.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करतो. गरम मशिनवर हात भाजला. पगार १६ हजार, ईएसआय कापलं जातं. ऑफिसमधून म्हणाले, रजेचा अर्ज दे, अर्धा पगार देऊ. काय करू?

उत्तर : रजेचा अर्ज देऊ नका, भाऊ. ही रजा नाही, कामावरची इजा आहे. तुम्हाला ईएसआय लागू आहे, त्यामुळे उपचार मोफत. काम करता येत नाही तेवढ्या दिवसांचे साधारण पगाराच्या ९० टक्के पैसे ईएसआय महामंडळ देतं, मग कंपनी तुम्हाला अर्ध्यावर का आणते आहे? आजारपणाच्या लाभाला अमुक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, कामावरच्या इजेला तशी अट नाही. कामाला लागून आठवडा झालेला माणूसही पात्र असतो. फक्त अपघाताचा अहवाल कारखान्यानं ईएसआय कार्यालयाला पाठवला पाहिजे. तो पाठवला का ते लेखी विचारा आणि पोच घ्या. डॉक्टरांना हात कामावर भाजला हे स्वतःच्या तोंडानं सांगा. १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मात्र तुम्हाला मागता येणार नाही, ईएसआय असेल तिथं तो रस्ता बंद असतो.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये दादर (रब्बी ज्वारी) काढताना माझा मोठा भाऊ दुसऱ्याच्या शेतात थ्रेशरमध्ये सापडून वारला. वय ४०, महिन्याला १० हजारांच्या आसपास मजुरी. थ्रेशरवाला म्हणतो, तो दारू प्यायलेला होता, तरी माणुसकी म्हणून एक लाख देतो. वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत.

उत्तर : तुमच्या घरावर आलेल्या प्रसंगाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामातला मजूरही १९२३ च्या कायद्यात येतो. मृत्यू झाला असेल तर दारूचा बचाव मालकाला घेताच येत नाही, तो फक्त कमी गंभीर इजेपुरता आहे. म्हणून तुमचा भाऊ प्यायलेला होता की नव्हता, या वादात वहिनींना ओढू देऊ नका. मृत्यूच्या भरपाईत पगाराचे ५० टक्के धरतात आणि ४० वर्षांचा आकडा १८४.१७ आहे. म्हणजे ९,२०,८५० रुपये, शिवाय अंत्यसंस्काराचे किमान ५ हजार आणि व्याज.

एक लाख घरी आणून दिले तरी हिशेब मिटत नाही. मृत्यूची भरपाई मालकानं आयुक्तांकडेच जमा करायची असते, परस्पर वाटलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत. अपवाद आहे तो तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या आगाऊ रकमेचा. तेव्हा वहिनींनी कुठल्याही कागदावर सही करू नये. अर्ज वहिनी आणि दोन्ही मुलांच्या नावानं करा, मुलांचे जन्मदाखले, पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडा. मुलांच्या वाट्याची रक्कम कोर्ट बँकेत ठेवायला लावतं. शाळेसाठी पैसे लागले तर वहिनी अर्ज करून त्यातून काढू शकतात. मार्च २०२७ च्या आत अर्ज दाखल करा.