एका दिवसापुरते आयरिश

प्रश्न : मार्चमधे लेकाकडे शिकागोला होते. १७ तारखेला सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे आयरिश लोकांचा सण, म्हणून जो तो हिरव्या कपड्यात, परेडच्या दिवशी तर नदीसुद्धा हिरवीगार केलेली. लेकाचा मॅनेजर म्हणे मी आयरिश! आडनाव जर्मन, आयर्लंडला कधी गेला नाही, पणजी तिकडची एवढंच. याला नाटक म्हणायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाटक नका म्हणू ताई, हौस म्हणा. हर्बर्ट गान्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मधेच यावर लिहून ठेवलंय. तिसऱ्या-चौथ्या पिढीला आजीची भाषा येत नाही, वस्ती सुटलेली, लग्नंही बाहेर झालेली, मग ओळख रोज जगायची भानगड राहत नाही, सणावारी मिरवली की झालं. शिवाय जे मिरवतात त्यातलं बरंचसं अमेरिकेतच तयार झालेलं. नदी १९६२ पासून रंगवतात, ती आयडिया तिथल्या प्लंबर लोकांची, सांडपाणी कुठून नदीत शिरतंय ते शोधायला ते रंग वापरायचे त्यातून निघालेली. आणि खुद्द आयर्लंडात कित्येक वर्षं त्या दिवशी पब बंद असायचे, बोला!

आता मॅनेजरने जर्मन सोडून आयरिशच का धरलं? त्याच्या घरचं मला काय माहीत, पण पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन म्हणवून घेणं महागात पडायचं, शाळांतून जर्मन शिकवणं बंद केलं, सावरक्राउट म्हणजे आंबवलेल्या कोबीचं नावसुद्धा बदलून 'लिबर्टी कॅबेज' केलं होतं, तेव्हा बऱ्याच घरांनी ते गुपचूप गुंडाळून ठेवलं. आयरिशांचेही हाल झालेच की, १८४५ च्या दुष्काळानंतर बोटी भरभरून आले तेव्हा नोकरीच्या जाहिरातीतच 'आयरिशांनी अर्ज करू नये' असं छापलेलं असायचं. आज मात्र आयरिश म्हणवून घ्यायला काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तर एवढी हौस.

मेरी वॉटर्स या अभ्यासक बाईंनी १९९० मधे नेमकं यावर बोट ठेवलं, की हवी ती ओळख उचलायची आणि नको तेव्हा ठेवून द्यायची ही सोय मुख्यतः गोऱ्यांना आहे. मॅनेजर १८ मार्चला परत साधा अमेरिकन. तुमच्या लेकाने गणपतीत ढोल वाजवून झाल्यावर कुर्ता काढून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी लिफ्टमधे कोणीतरी विचारणारच, तू मूळचा कुठला रे?