उष्टी ताटं घासणार कोण?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते एसटीत आहेत, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मुलगी 22 वर्षांची, बी.कॉम. बँकेच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकली. दिवाळीपासून शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन कापडी पिशव्या शिवते आणि आता म्हणते, परीक्षा बास, प्लॅस्टिकला पर्याय हाच माझा धंदा. लग्नासाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडा. वडील विचारतात, "हे करिअर म्हणायचं की समाजकार्य? स्थळं आली की मुलगी काय करते म्हणून सांगू?" सोबत तिच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र एकदा वाचलं, वहीची पानं मात्र चारदा वाचली. हिशोब स्वच्छ आहे, खाडाखोड तशीच ठेवलीय. पोरीचा बी.कॉम. वाया गेलेला नाही, एवढं तरी मनावरून उतरवा.

पहिलं पान पिशव्यांचं. मांजरपाट 170 मीटर, 70 रुपयांनी 11,900. एका मीटरात दोन पिशव्या आणि उरलेल्या सहा इंची पट्टीतून दोन्हींच्या मिळून चार दांड्या, हे कटिंग मला फार आवडलं. चिंधीसुद्धा वाया नाही. शिलाई नगाला 15 प्रमाणे 5,100, छपाई 5 प्रमाणे 1,700. विकल्या 340 पिशव्या, 60 रुपयांना, आले 20,400. उरले 1,700. म्हणजे पिशवीमागे पाच रुपये. त्यात दोरा, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं, रिक्षा धरलेली नाही. तिची स्वतःची चार महिन्यांची मजुरी तर शून्यच. याला समाजकार्यही म्हणवत नाही, कारण समाजकार्यातसुद्धा माणूस जेवतो.

शिवाय पिशवी एकदा घेतली की गिऱ्हाईक दोन-तीन वर्षं फिरकत नाही, आणि फिरकू नये हाच तर त्या पिशवीचा गुण. आमच्याच घरी दाराआडच्या खुंटीला नऊ पिशव्या लटकतात आणि मी मंडईत हात हलवत जातो. पिशव्या बंद करा असं म्हणत नाही, ऑर्डर हातात असेल तेवढ्याच शिवा. दांडीच्या जोडावर चौकोन शिवून आत फुली मारायला सांगा. पिशवी फाटते ती तिथंच. कोरं कापड आटतं, म्हणून कापायच्या आधी एकदा भिजवून घ्या.

दुसरं पान मात्र तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. "एकदा बारशाला ताटं पण आणून दिली होती." अहो, खरी गोष्ट ती आहे!

तिने आजोळच्या देवळातली 150 ताटं, वाट्या, पेले, चमचे आणले. पाहुणे जेवून उठले, दोघी बायकांनी भांडी घासली, टेम्पोने परत गेली. भाडं घेतलं संचाला 8 रुपये, एकूण 1,200. घासणावळ 450, टेम्पो 300, दोन चमचे कमी भरले त्याचे 40. उरले 410, त्यातले 101 देवळाच्या पेटीत. एका दिवसात.

तुमच्या-माझ्या लहानपणी लग्नाची भांडी देवळातूनच यायची. काठावर कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' म्हणून नाव कोरलेलं असायचं, आणि पुजाऱ्याच्या वहीत किती नेली, किती आणली याची नोंद. हरवलं तर भरून द्यायचं. मग ती पद्धत मोडली कशाने? लोक म्हणतात यूज अँड थ्रो स्वस्त म्हणून. मला नाही पटत. उष्टी भांडी घासायला माणूस मिळेना, म्हणून मोडली. महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे देशभर बंद आहेत, तरी पंगत उठली की मांडवामागे ढीग दिसतोच. कागदी म्हणून आणलेल्या पेल्यालाही आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो.

तेव्हा तुमच्या मुलीने नुसती ताटं भाड्याने देऊ नयेत, घासण्याच्या कटकटीतून सुटका विकावी. मंडपवाले भांडी देतात, पण घासून परत मागतात. बारसं, साठी, वास्तुशांत, पन्नास ते दोनशे माणसांचं जेवण, तिथं ही मुलगी म्हणाली की "उष्टी तशीच टबात टाका, मी नेते," तर यजमान संचाला 12 रुपये हसत देईल. त्या बारशाला तिने घासणं जवळजवळ फुकटच दिलं. बाराच्या भावाने तेच 150 जण धरा: 1,800 मधून खर्चाचे 790 वजा, उरले 1,010. स्वतःचे संच दोनशे रुपयांनी धरले तर 30 हजार लागतील. तीसेक पंगतींत सुटतात. ठोक भाव बाजारात फिरून तिनेच काढावा. दोघी बायकांना गरम पाणी, रबरी हातमोजे आणि त्याच संध्याकाळी मजुरी, हे पहिल्या दिवसापासून. त्यात काटकसर केली तर 'सामाजिक' हा शब्द पाटीवरून पुसून टाकावा.

म्हणून एफडी मोडू नका. नुसते 30 हजार द्या, उसने म्हणून, वहीत लिहून. मोठी उडी घ्यायची असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जा. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, महिलेला स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात आणि शहरात 25 टक्के अनुदान मिळतं. ते हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. आणि योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. सगळं सामान घेऊन मग अर्ज केलात तर दारातून परत यावं लागेल.

गावभागातल्या वाड्याची खालची खोली गोदामाला देतो म्हणता. आपण सांगलीकर इतकं लवकर विसरतो? 2005, 2019, 2021 चे महापूर. त्यातल्या 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 असताना. ताटं ठेवा खाली, स्टील धुऊन निघतं. कापडाचे तागे आणि शिलाई मशीन माडीवर.

परीक्षेचं म्हणाल तर बँकेच्या लिपिक पदाला खुल्या गटात 28 पर्यंत वय चालतं, अधिकारी पदाला 30. ती 22 ची आहे. वर्षभर ताटं घासली म्हणून दार बंद होत नाही. आणि स्थळांना सांगा, भांड्यांचा व्यवसाय आहे. पुढचं ती सांगेल.

आता लग्नसराई आहे. चातुर्मास लागला की पंगती थंडावतील, तेव्हा वहीचं तिसरं पान पाठवा, हरवलेल्या चमच्यांसकट.