स्पीकर घरी आले, मन दुकानातच राहिलं

"स्पीकरची जोडी घेऊन ५ दिवस झाले. चुकीची घेतली असं सतत वाटतंय. परत करू का?" समुपदेशनाला आलेल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. परत करायची मुदत १४ दिवसांची. रात्री एक-एक वाजेपर्यंत ते न घेतलेल्या मॉडेलची परीक्षणं वाचायचे आणि एकाच गाण्याचा तोच तुकडा पुन्हापुन्हा लावायचे.

इथे "चांगलेच आहेत हो, कशाला डोक्याला ताप" म्हणणं सोपं असतं. पण असा दिलासा रात्रीपुरता पुरतो, सकाळी परत मागावा लागतो. म्हणून आधी विचारलं, नेमकं खटकतं काय? आवाज पोकळ आहे, बेस जवळजवळ नाहीच आणि गायिका मधोमध न गाता खोलीभर पसरल्यासारखी वाटते, असं ते म्हणाले.

ही तक्रार मनाची नव्हे, वायरची असू शकते. एका स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी जोडली गेली, की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. घरी जाऊन त्यांनी चारही टोकं तपासली. डावीकडची उलटीच निघाली.

पुढच्या भेटीत नवी तक्रार: आता बेस घुमतो! तेही खरंच होतं. स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल, तर साधारण ५० हर्ट्‌झचा सूर त्यांच्यामध्ये अडकतो आणि भिंतीलगतच सगळ्यात जास्त ऐकू येतो. स्पीकर भिंतीपासून ४०-५० सेंटीमीटर पुढे, सोफाही तेवढाच पुढे, ट्वीटर (बारीक, उंच सूर काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, एवढं सांगितलं. घुमणं बरंच कमी झालं.

रुखरुख मात्र गेली नाही. खरं काम इथून पुढचं.

'अजून बदलता येईल' ही सोय आपल्याला वाटते तितकी सुखाची नसते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ सालच्या मानसशास्त्रीय प्रयोगात ज्यांना आपण निवडलेला फोटो बदलून घ्यायची मुभा होती, त्यांना तो कमी आवडला. म्हणून निर्णयाचा दिवस मुदतीच्या शेवटावर न ठेवता अलीकडे, १२व्या दिवशी ठरवला. तोवर परीक्षणं पूर्ण बंद. रोज आपल्या आवडीची ३ गाणी, अख्खी, आवाजाचं बटण एकाच खुणेवर ठेवून ऐकायची. (खूण महत्त्वाची. किंचित मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो आणि दुकानातली तुलना बहुतेक वेळा तिथेच फसते.) नंतर वहीत एकच ओळ: कानाला काही टोचलं का, आणि कुठे? 'दुसरे घेतले असते तर' ही ओळ वहीत चालणार नव्हती, कारण ते ऐकलेलं नाही, कल्पिलेलं आहे.

वहीत सलग ३ दिवस एकाच जागी तेच टोचलं, तर जोडी परत करायची, असंही आधीच लिहून ठेवलं. नाहीतर १२व्या दिवशी खोकं मोडून रद्दीत.

वहीतल्या शेवटच्या ओळींपैकी दोन कोऱ्या होत्या. आणखी एकीवर लिहिलं होतं, "गाणं ऐकत बसलो, तपासायचं विसरलो." खोकं रद्दीत गेलं.

महिन्याभराने ते पुन्हा आले. स्पीकरबद्दल चकार शब्द नाही. ॲम्प्लिफायर कमी ताकदीचा तर नाही ना, हे विचारायचं होतं. वही सोबत आणायला सांगितली.