क्रूझ कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर दिवसभर थांबते. जहाजावरची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

आपलं आपण फिरा, आणि तेही पायी. विलेमस्टॅड या राजधानीत मोठी जहाजं ओत्रोबांडा या भागाच्या बाजूला लागतात. तिथून क्वीन एम्मा पूल चालत गाठता येतो. १८८८ सालचा हा पूल होड्यांवर तरंगतो. बंदरात जहाज येताना घंटा वाजते आणि अख्खा पूल बाजूला सरकतो! तेवढ्यापुरती फुकट फेरीबोट असते. पलीकडे पुंडा भागात १७३२ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आत जमिनीवर चक्क वाळू पसरलेली. एवढं एक अजिबात चुकवू नका. (शनिवारी त्यांची प्रार्थना असते, वेळ आधी बघून घ्या.) जेवायला प्लासा बिऊ हा जुना बाजार: मटणाची स्तोबा (रस्सा) आणि फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. बरेच चांगले समुद्रकिनारे लांब आहेत, त्यात दिवस जातो.