अमेरिकेतले कॉलेज कुस्तीगीर एमएमएमध्ये इतके पुढे कसे जातात? आपल्या पैलवानाला तो रस्ता जमेल का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत, आणि यूएफसी ही तिची सगळ्यात मोठी संस्था. त्या यूएफसीत अमेरिकी कॉलेज कुस्तीतून आलेले इतके चॅम्पियन का, हा पहिला. आणि विद्यापीठ पातळीवर फ्रीस्टाइल खेळणाऱ्या तुमच्या पुतण्याने तिकडे वळावं का, हा दुसरा. मी सांगलीकडच्या तालमीत वाढलो, विद्यापीठ स्पर्धांपर्यंत मॅटवर खेळलो आणि नंतर नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात काढली. पिंजऱ्यात कधी उतरलो नाही. त्यामुळे ठोसे खाण्याबद्दल माझं मत प्रेक्षकाचं समजा, कुस्तीबद्दलचं मात्र खेळणाऱ्याचं.

पहिलं कारण पैशाचं आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. आयोवा म्हणजे कुस्तीवेडं राज्य. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोवा विद्यापीठाने ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची लढत फुटबॉलच्या स्टेडियमवर ठेवली तेव्हा ४२ हजारांवर लोक आले होते. आपल्या खासबागेत गर्दी पाहिलेल्या माणसालाही हा आकडा मोठा वाटेल. पण या मल्लांचं कॉलेज संपलं की पुढे काय? फुटबॉलवाल्याला एनएफएल आहे, बास्केटबॉलवाल्याला एनबीए. कुस्तीवाल्यासाठी आत्ताआत्तापर्यंत व्यावसायिक लीग नव्हतीच. तुटपुंज्या मानधनावर ऑलिंपिकची तयारी करा, कुठेतरी सहायक कोच व्हा, ब्रॉक लेस्नरसारखी शरीरयष्टी असेल तर डब्ल्यूडब्ल्यूईत जा, नाहीतर एमएमए. आपल्याकडचं गणित उलटं आहे. इथे चांगल्या पैलवानासमोर रेल्वे, सेनादल, पोलीस अशा नोकऱ्या असतात. विजय चौधरी आणि नरसिंग यादव महाराष्ट्र केसरीच्या जोरावर पोलीस उपअधीक्षक झाले. कुस्तीतून पेन्शनची नोकरी मिळत असताना नाक फोडून घ्यायला कोण जाईल? अमेरिकेतल्या पोराला हा आधार नाही, म्हणून तिथली अव्वल गुणवत्ता पिंजऱ्याकडे वळते.

दुसरं कारण खेळाच्या नियमात आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथली कॉलेज कुस्ती ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळी असते, तिला फोकस्टाइल म्हणतात. सात मिनिटांची लढत: पहिला भाग तीन मिनिटांचा, पुढचे दोन दोन-दोन मिनिटांचे. आपण फ्रीस्टाइलमध्ये पट काढतो (पाय धरून पाडतो), गुण घेतो, वरून भारंदाज वगैरे लावून बघतो. काही सेकंदांत काही घडलं नाही तर पंच दोघांना उभं करतो. खालच्याने नुसतं पोटावर पसरून तग धरला तरी भागतं. फोकस्टाइलमध्ये पंच असा सहज सोडवत नाही. खालच्याने स्वतःच्या बळावर उठून सुटायचं, त्याचा त्याला एक गुण. वरच्याने त्याला उठू द्यायचं नाही. एकूण ताबा प्रतिस्पर्ध्यापेक्षा मिनिटभर जास्त भरला तर त्याचाही एक गुण. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची सुरुवात अनेकदा एक खाली, एक वर अशीच होते. म्हणजे शाळेपासून कॉलेजपर्यंत हा पोरगा दोन गोष्टी घोटून घेतो: अंगावर माणूस असताना उठणं आणि उठणाऱ्याला परत खाली आणणं.

आता एमएमए बघा. खाली पडलेला माणूस मार खातो, वरचा मारतो. जो हवं तेव्हा उठू शकतो आणि समोरच्याला हवं तेव्हा पाडू शकतो, तो लढत कुठे व्हायची ते ठरवतो. कॉलेज कुस्तीचं खरं देणं हेच आहे, आणि डावांची संख्या त्यापुढे दुय्यम. पटत नसेल तर चक लिडेल आणि जस्टिन गेची यांच्या लढती पाहा. दोघेही डिव्हिजन वनचे, म्हणजे पहिल्या फळीतले कॉलेज मल्ल, पण पिंजऱ्यात पट काढताना क्वचितच दिसले. त्यांनी कुस्ती वापरली ती समोरच्याला पट मिळू नये म्हणून, आणि मग निवांत उभं राहून ठोसेबाजी केली. कमारू उस्मान तर डिव्हिजन टूचा विजेता, म्हणजे कॉलेज कुस्तीच्या दुसऱ्या फळीतला. तरी यूएफसीच्या वेल्टरवेट वजनगटाचा पट्टा २०१९ पासून तीन वर्षं त्याच्याकडे होता. पदकं किती यापेक्षा त्या सवयी किती मुरल्या आहेत, हे इथे चालतं.

पण नुसत्या सवयींवर काम भागत नाही, हे पहिल्याच पिढीत दिसलं होतं. डिसेंबर १९९४ मध्ये डॅन सेव्हर्न हा ॲरिझोना स्टेटचा तगडा मल्ल यूएफसी ४ मध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी हलक्या रॉइस ग्रेसीवर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ चढून बसला होता. ताबा पूर्ण त्याचा. त्या ताब्याचं करायचं काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी खालून ग्रेसीने पायांची कैची मानेभोवती आवळली आणि सेव्हर्नने हार मानली. दीड वर्षाने ओहायो स्टेटचा मार्क कोलमन आला. तो वर बसून ठोसे आणि डोकं चालवायचा, तेव्हा डोक्याने मारायला बंदी नव्हती. १९९७ मध्ये तो यूएफसीचा पहिला हेवीवेट चॅम्पियन झाला. पाडणं दोघांनाही येत होतं. पाडल्यावरचं काम कोलमनकडे होतं.

आता मोडाव्या लागणाऱ्या सवयी. आयोवात मी संध्याकाळी ज्युजित्सूच्या (जमिनीवर गळा किंवा सांधे आवळून हार मानायला लावण्याच्या खेळाच्या) क्लासला जायचो, तिथे हायस्कूलात आणि कॉलेजात कुस्ती केलेली पोरं यायची. पाठ टेकायची वेळ आली की ती झटक्यात पोटावर वळायची. आपणही तेच करतो. पाठ लागली की कुस्ती गेली, हे लहानपणापासून हाडात भिनलेलं असतं. पण पोटावर वळलं की पाठ समोरच्याच्या हवाली होते. तो मागून पाय अडकवतो, गळ्याखाली हात सरकवतो आणि खेळ संपतो. पाठीवर पडून शांत राहायचं, समोरच्याला पायांत धरायचं, हे पैलवानाच्या स्वभावाविरुद्ध आहे. माझ्या पाहण्यात तरी हे बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ठोसे त्यामानाने लवकर येतात.

दुसरी सवय डोक्याची. पट काढताना आपण खाली वाकून मुसंडी मारतो. डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं तर समोरचा मान काखेत धरून गिलोटिन लावतो, आणि समोरासमोर आलं तर गुडघा बसतो. ६ जुलै २०१९ ची लढत तुम्ही पाहिली असेलच. बेन ॲस्क्रेन हा मिझुरी विद्यापीठाचा, २००६ आणि २००७ चा राष्ट्रीय विजेता, ऑलिंपियन, तोवर व्यावसायिक लढतींत अपराजित. होर्हे मासविडाल पळत आला आणि त्याने उडी मारून गुडघा घातला. ॲस्क्रेन पाच सेकंदांत बेशुद्ध. ॲस्क्रेनला हसणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. त्याने बेलाटोर आणि वन चॅम्पियनशिप अशा दोन संस्थांचे पट्टे जवळजवळ निव्वळ कुस्तीवर मिळवले होते. पण उभ्याने मारता येत नसेल तर तुम्ही वाकणार हे समोरच्याला आधीच कळतं, आणि तो त्या जागी गुडघा तयार ठेवतो.

बाकीचे बदल थोडक्यात. बूट नाहीत, त्यामुळे पायाची पकड वेगळी. घामाने अंग निसटतं. पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून समोरचा उभा राहू शकतो, तेव्हा मोकळ्या मॅटवरचा पट तिथे अर्धाच लागतो. उजव्या हाताचे बरेच मल्ल कुस्तीत उजवा पाय पुढे ठेवतात, तर उजवा बॉक्सर डावा. मग पवित्रा बदलायचा की डावखुऱ्यासारखं लढायचं, हे कोचला पहिल्या काही महिन्यांतच ठरवावं लागतं. आणि पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या हा सात मिनिटांच्या कुस्तीपेक्षा वेगळाच दम आहे. पहिल्या फेरीत तीन वेळा माणूस उचलून आपटणारा मल्ल तिसरीत हात वर करू शकत नाही, हे मी बऱ्याच लढतींत पाहिलंय.

सध्या या सगळ्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे बो निकल. पेन स्टेटचा, २०१७ ते २०१९ सलग तीन वेळा राष्ट्रीय विजेता. त्याचा कोच केल सँडरसन, कॉलेजात १५९ लढती आणि एकही हार नाही. (याच सँडरसनने २००१ च्या अंतिम फेरीत डॅनियल कॉर्मियरला हरवलं होतं.) निकलला ऑलिंपिकला जायचं होतं, पण एप्रिल २०२१ च्या निवड चाचणीत ८६ किलोच्या अंतिम लढतीत तो पेन स्टेटच्याच डेव्हिड टेलरकडून हरला. टेलरने टोकियोत सुवर्ण जिंकलं. जगात पहिला माणूस तुमच्याच वजनात आणि तुमच्याच हॉलमध्ये असेल तर काय करणार? २०२२ मध्ये निकल व्यावसायिक लढतीत उतरला आणि मार्च २०२३ मध्ये यूएफसीत. पहिले तीन प्रतिस्पर्धी त्याने झटपट उडवले. लोक लगेच चॅम्पियन म्हणायला लागले. मला तेव्हाच ते अती वाटलं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पॉल क्रेग समोर आला. क्रेग जमिनीवर पाठीवरून धोकादायक, म्हणून निकल बराच वेळ उभ्यानेच खेळला. गुणांवर जिंकला, पण प्रेक्षकांनी हुर्यो केली. मला ती लढत आवडली, कारण पट न काढण्याचा संयम मल्लाला फार उशिरा येतो. मे २०२५ मध्ये मात्र डी मॉइनला, म्हणजे ऐन आयोवात, राइनिअर डी रिडरने त्याला थांबवलं. डी रिडर ज्युदो-ज्युजित्सूचा, उंच. निकल पाडायला जवळ गेला की तो तिथेच गुंतवून ठेवायचा आणि पोटात गुडघे घालायचा. दुसऱ्या फेरीत निकल पोट धरून बसला. कुस्तीची पकड हे निकलचं घर, आणि त्याला मार तिथेच पडला. सहा महिन्यांनी त्याच निकलने ज्युजित्सूचा जगज्जेता रोडॉल्फो व्हिएरा याला तिसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून बाद केलं. म्हणजे शिकणं चालू आहे.

कॉर्मियरचं उदाहरण यासाठी की उशीर झाला तरी चालतं. २००४ च्या ऑलिंपिकला तो चौथा. २००८ ला बीजिंगमध्ये संघाचा कर्णधार, पण वजन उतरवताना मूत्रपिंडांनी साथ सोडली आणि तो खेळूच शकला नाही. २००९ मध्ये तिशीत एमएमए सुरू केलं, आणि तेही सुरुवातीला हेवीवेटमध्ये, वजन न तोडता. २०१५ मध्ये लाइट हेवीवेटचा आणि २०१८ मध्ये हेवीवेटचा पट्टा.

आता तुमचा पुतण्या. आपल्याकडून या वाटेने गेलेलं ठळक नाव रितू फोगाटचं. २०१७ मध्ये २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य, २०१९ मध्ये कुस्ती सोडून सिंगापूरला वन चॅम्पियनशिपकडे. वरून मारण्याच्या जोरावर ती डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली आणि तिथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने खालून आर्मबार (कोपर उलटं ताणण्याची पकड) लावून तिला हरवलं. स्टॅम्प मूळची मुए थाईची, म्हणजे लाथाबुक्क्यांची, आणि जिंकली जमिनीवर. भरत खंडारे हा यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय; तोही २०१७ मध्ये शांघायला सॉन्ग याडाँगच्या गिलोटिनमध्ये पहिल्याच फेरीत अडकला. दोन्हीकडे चूक ताकदीची नव्हती.

म्हणून माझं मत असं. त्याला कोट्यातून नोकरी लागण्याची शक्यता असेल तर ती आधी पदरात पाडून घेऊ दे, नोकरी हातात असताना एमएमए शिकता येतं. कुस्ती चालू असतानाच आठवड्यातून दोन-तीन दिवस ज्युजित्सूला घाला, आणि तिथे त्याला मुद्दाम पाठीवरून सुरुवात करायला लावा; सुरुवातीला चिडेल. फ्रीस्टाइलवाला असल्यामुळे खालून उठण्याचा सराव त्याचा कमी असणार, तो वेगळा करून घ्यावा लागेल. बॉक्सिंग रोज थोडं, पण पहिले काही महिने डोक्यावर जोराचा मार असलेली स्पारिंग (सरावाची लढत) नको. पहिली व्यावसायिक लढत घेण्याआधी हौशी लढती खेळू दे, कारण व्यावसायिक खात्यावरची हार कायमची नोंदली जाते.

आणि वजन. कुस्तीत वजन त्याच दिवशी होतं, त्यामुळे तोडायला मर्यादा पडते. एमएमएमध्ये आदल्या दिवशी होतं, म्हणून पोरं पाणी तोडून आठ-दहा किलो उतरवतात. अमेरिकेत १९९७ मध्ये सहा आठवड्यांत तीन कॉलेज मल्ल वजन उतरवताना गेले, तेव्हा कुठे तिथले नियम कडक झाले. एखाद्या जिमवाल्याने पहिल्याच भेटीत ‘दोन गट खाली खेळवू’ म्हटलं, तर त्या जिममध्ये पुतण्याला घालू नका.