पेटलुराने हुकूम दिला होता का?

प्रश्न असा आहे: १९१९ साली युक्रेनमध्ये ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्या युक्रेनी प्रजासत्ताकाचा तेव्हाचा नेता सिमोन पेटलुरा याने घडवल्या, की त्याचं नाव त्यात उगाच गोवलं गेलं?

कत्तलीचा हुकूम त्याने दिला असा कागद कुणी दाखवलेला नाही. त्याच्या सरकारात ज्यू व्यवहारांचं स्वतंत्र खातं होतं, प्रजासत्ताकाच्या शंभराच्या नोटेवर यिद्दिश, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या भाषेतली, अक्षरं होती. ज्यूद्वेष्टा म्हणून त्याला रंगवणं मला पटत नाही. पण त्याची बाजू घेणारे इथेच थांबतात आणि माझी अडचण इथूनच सुरू होते.

१५ फेब्रुवारी १९१९, शनिवार, म्हणजे सब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. प्रोस्कुरिव गावात आदल्या रात्री बोल्शेविकांचा उठाव फसला होता. तिथल्या ब्रिगेडचा प्रमुख सेमोसेन्को, जेमतेम विशी-पंचविशीतला पोरगा. त्याने सैनिकांकडून शपथ घेतली: मारायचं, लुटायचं नाही. मग तुकड्या रांगेत गावात शिरल्या आणि जेवणाला बसलेल्या ज्यूंच्या घरांत घुसल्या. गोळ्या जवळजवळ झाडल्याच नाहीत, काम तलवारीने आणि संगिनीने उरकलं. काही तासांत हजारावर माणसं गेली. बहुतेक अंदाज पंधराशेच्या आसपासचे आहेत. उठावाशी संबंध नसलेल्या बायका, म्हातारे, पोरं, सगळेच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फेलश्तिनमध्ये तोच प्रकार.

ही वाट चुकलेली टोळी नव्हती. पेटलुराच्याच सैन्यातली ब्रिगेड होती. तो तेव्हा सरसेनापती, आणि त्याच महिन्यात सरकारचाही प्रमुख झालेला.

कत्तलींविरुद्धचा त्याचा सगळ्यांत ठोस हुकूम आहे २६ ऑगस्टचा. भाषा कडक आहे: चिथावणी देणाऱ्यांना देशद्रोही समजावं. पण सहा महिने? मला वाटतं तो घाबरत होता. त्याचे अनेक अतमान, म्हणजे स्वतःची माणसं घेऊन आलेले स्थानिक सरदार, आज त्याच्याकडे तर उद्या बोल्शेविकांकडे. त्यांतला ग्रिगोरियेव तर फेब्रुवारीत बोल्शेविकांच्या लाल सैन्याला मिळाला, मे महिन्यात त्यांच्यावरही उलटला आणि येलिसावेतग्राद शहर ज्यूंच्या रक्ताने माखवलं. असल्या लोकांना दुखावलं तर सैन्यच उरणार नाही, असा हिशेब असावा. समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत मोजली ती दुसऱ्यांनी. सेमोसेन्कोला पुढे युक्रेनियनांनीच गोळ्या घातल्या, असं पेटलुराचे समर्थक सांगतात. ते खरं धरलं तरी तोवर वर्ष उलटलं होतं.

कत्तली सगळ्याच सैन्यांनी केल्या, हेही खरं. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या रशियन सेनापती डेनिकिनच्या श्वेत सैन्याने सप्टेंबरात फास्तिवमध्ये केलेली तर भीषण होती. लाल सैनिकांचे हातही स्वच्छ नव्हते. पण या कत्तलींची आकडेवारी जमवणाऱ्या नाखुम गेर्गेलच्या मोजणीत सुमारे चाळीस टक्के घटना पेटलुराच्या सरकारी फौजांच्या नावावर आहेत. सगळ्या सैन्यांची मिळून नोंदलेली दफनंच एकतीस हजारांवर. ‘सगळेच तसे’ या वाक्यात ते चाळीस टक्के विरघळत नाहीत.

२५ मे १९२६ ला पॅरिसमध्ये शोलोम श्वार्ट्सबार्ड नावाच्या ज्यू घड्याळजीने कत्तलींचा सूड म्हणून भररस्त्यात पेटलुराला गोळ्या घातल्या. गुन्हा त्याने लपवलाच नाही. तरी पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला सोडलं, कारण खटला चालला तो मेलेल्या पेटलुरावरच. त्या निकालाचा आधार घेऊन पेटलुराने हुकूम दिला असं सिद्ध होत नाही, एवढं मात्र समोरच्या बाजूनेही मान्य करावं.

आणि नकाशात प्रोस्कुरिव शोधत बसू नका. १९५४ पासून त्या शहराला ख्मेल्नित्स्की म्हणतात, म्हणजे ज्याच्या १६४८ च्या बंडात याच मुलखातले ज्यू हजारोंनी मारले गेले, त्या कोसॅक सरदार बोहदान ख्मेल्नित्स्कीचं नाव.