निळूभाऊ म्हणजे नुसता वाड्यावरचा पाटील?

प्रश्न : मुलगा म्हणतो, निळू फुले आयुष्यभर एकच भूमिका करत राहिले. त्याला काय दाखवू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चिरंजीवांनी निळूभाऊंपेक्षा त्यांची नक्कल करणारेच जास्त पाहिलेले दिसतात! जब्बार पटेलांचे दोन चित्रपट लागोपाठ दाखवा. 'सामना'तला हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे साखरपट्ट्यातली सत्ता. डॉ. लागूंच्या दारुड्या मास्तरला तो हौसेनं घरी ठेवून घेतो. मग मास्तर एकच विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? इथून पुढं निळूभाऊंचे फक्त डोळे बघायला सांगा. आवाज न चढवता माणूस आतून कसा पोखरत जातो ते तिथं दिसतं.

मग 'सिंहासन' (१९७९). तोच माणूस इथं पत्रकार दिगू टिपणीस. सगळे बडे पुढारी त्याच्यापाशी मन मोकळं करतात आणि हा ऐकून घेतो. मुख्य पात्र गप्प बसून चित्रपट पेलतं हे सोपं वाटतं, पण करून बघा म्हणावं! शेवटचं ते वेड्यासारखं हसणं मला आजही सहन होत नाही.

'सारांश'मधला पुढारी गजानन चित्रे वेळ मिळाला तर बघा. आमची आत्या मात्र यातलं काही ऐकायची नाही. निळूभाऊ पडद्यावर आले की कडाकडा बोटं मोडायची, "मेला आला!" एवढी चोख पावती समीक्षकांनाही देता आली नसती.

प्रश्न : ते खरंच माळीकाम करायचे?

उत्तर : हो, पुण्यात, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात. आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातही होते.